न चाखता

यंदा कैऱ्या लवकर आल्या. गंजगोलाईच्या बाजारात रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या बाईनं गोणपाटावर हिरवागार ढीग ओतला आणि मी घाईत असूनही थांबले. एक कैरी उचलली, देठाकडची बाजू नाकाला लावली आणि तशीच उभी राहिले.

"वास काय घेऊन राहिल्या बाई? आंबटच हाय ती," भाजीवाली म्हणाली.

आता तिला काय सांगायचं? एका उन्हाळ्यात माझं हे नाक आमच्या घरात दोघींसाठी काम करत होतं, आणि तेव्हापासून मला त्याचा जरा गर्वच झालाय. पिशवी भरून कैऱ्या घेतल्या. घरात आम्ही नवरा-बायको दोघंच. एवढ्या कैऱ्या कोण खाणार, हा विचार घरी आल्यावर केला.

कैरीवर विळी टेकली की आधी जबडा ओढल्यासारखा होतो, मग तोंडाला पाणी सुटतं. जिभेला तोवर काही लागलेलंही नसतं. त्या पाण्याबरोबर माझ्या लेकीचा, गिरिजाचा, तो अख्खा उन्हाळा परत आला. गच्चीवरचं पत्र्याचं शेड, बादलीत फडक्यात गुंडाळलेला बर्फ, मोसंबीच्या सालींचा ढीग, आणि टाकीच्या सावलीत उभी असलेली ती बाटली, जिला खालच्या मजल्यावर यायची परवानगी नव्हती.

आमचं लातूर हे मार्कांचं गाव. इथं उन्हाळा पंचांगावरून कमी आणि निकालांवरून जास्त कळतो. नांदेडहून, किनवटहून, कुठून कुठून पोरं पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी घेऊन शिकवणीला येतात, एकेका खोलीत चौघं चौघं राहतात. चौकाचौकात पास झालेल्यांचे फोटो लागतात. निकालाच्या दिवशी पेढेवाल्याकडे रांग असते. लग्नात भेटलेला माणूस आधी पोराचे मार्क विचारतो, मग नाव. आमच्या गिरिजानं बारावीनंतर मेडिकलची परीक्षा एकदा दिली आणि सांगून टाकलं, "मी परत बसणार नाही. माझा जीव त्यात नाही." ती पुण्याला गेली, हॉटेलचा अभ्यासक्रम केला, आणि त्यातही सगळं सोडून बार निवडला. लोकांसमोर उभं राहून दारूत फळांचा रस मिसळायचा, त्याची चव बसवायची, हे तिचं काम.

आणि हे कोणाच्या घरात! आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, सोमवारी उपास. गिरिजाचे अप्पा गंजात भांड्यांचं दुकान चालवतात. त्यांच्या वडलांचं तेच, आजोबांचं तेच. दुकानात कोणी विचारलं, "अप्पा, पोरगी काय करते?" की हे म्हणायचे, "पुण्याला हाय, हॉटेलात," आणि लगेच हातातलं पातेलं असं वाजवून दाखवायचे की गिऱ्हाईकाचं लक्ष पातेल्याकडे जावं. मला मात्र पहिल्यापासून पोरीचं कौतुक होतं. तिनं पाठवलेले फोटो मी शेजारणींना दाखवायचे. उंच ग्लास, त्यात डाळिंबाच्या रंगाचं काहीतरी, वर पुदिन्याचं पान. शेजारणी म्हणायच्या, "सरबत लई छान दिसायलंय." मी म्हणायचे, "हाव, दिसायलंय खरं."

मग एका माघात तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला.

ती घरी आली त्या सकाळी मी आल्याचा चहा केला होता, भरपूर आलं ठेचून. तिनं घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "आई, हे गरम आणि गोड आहे. बाकी काही नाही," ती म्हणाली. उठून फोडणीच्या डब्यापाशी गेली. जिरे हुंगले, हिंगाची डबी हुंगली, कोथिंबिरीची जुडी तोंडावर दाबून धरली. मी नुसती बघत राहिले. डॉक्टर म्हणाले होते, वास येईल परत, पण कधी ते सांगता येत नाही. जिभेला गोड, आंबट, खारट तेवढं अंधुक कळायचं. पण मोसंबी कुठली आणि लिंबू कुठलं, कैरी कुठली आणि चिंच कुठली, ते नाकाशिवाय कळत नाही. तेव्हा आम्हालाही पहिल्यांदाच समजलं की चव निम्म्याहून जास्त नाकात असते.

तिच्या हॉटेलात नवीन बार उघडणार होता आणि तो तिच्या हाती द्यायचं चाललं होतं. तिनं साहेबांना खरं ते सांगून टाकलं. साहेब भला माणूस. ते म्हणाले, "उन्हाळा संपेपर्यंत सुट्टी घे. आल्यावर तुझ्या मनाचे तीन ग्लास करून दाखव. जमले तर बार तुझा. नाही जमले तर हिशेबाच्या टेबलावर जागा आहे." नोकरी जाणार नव्हती. पण हिशेबाच्या टेबलावर बसायचं असतं तर ती लातूर सोडून गेलीच नसती. तिचं सगळं भांडण हातानं करायच्या कामासाठी होतं आणि आता हातच आंधळा झाला होता. ती कुलरसमोर पडून राहायची. तिच्या बॅगेतली मापाची छोटी भांडी मी एकदा पुसून ठेवली, तर तिनं ती परत बॅगेत भरली.

एका सोमवारची दुपार. मी नैवेद्याचा स्वयंपाक करत होते. खपली गव्हाची हुग्गी, आमची गुळाची खीर, शिजत होती, दुसऱ्या चुलीवर आमटी. गिरिजा दाराच्या चौकटीला टेकून बसली होती.

"मीठ बघितलंस आमटीचं?" तिनं उगाच विचारलं.

"नैवेद्य हाय गं. बघते कशी?"

ती ताठ बसली. "म्हणजे तू कधीच चाखत नाहीस?"

"तुला काय ठाऊक न्हाई का? लहानपणापासून बघतीस की."

"बघितलंय गं. कधी विचारच केला नाही." तिनं आमटीच्या पातेल्याकडे बोट केलं. "तुझी आमटी कधी खारट झालेली मला आठवत नाही."

"आजून तरी न्हाई झाली," मी म्हणाले. खोटा विनय माझ्या स्वभावात नाही.

"मग मला शिकव."

"आमटी?"

"न चाखता."

माझं माहेर शिरूर अनंतपाळचं. श्रावणात दर सोमवारी आमच्याकडे जंगम, म्हणजे आमचे गुरू, जेवायला यायचे. लिंगाला दाखवल्याशिवाय आणि जंगमांच्या ताटात पडल्याशिवाय स्वयंपाकाला जीभ लागता कामा नये, असा दंडक. आई मला पातेल्यापाशी उभी करायची आणि म्हणायची, "चाखायचं न्हाई म्हून तर नीट बघायचं." मीठ तीन बोटांच्या चिमटीला कळतं. गूळ किती उतरला ते दोन बोटांत चिकट धरून, तार कशी निघते त्यावरून कळतं. चिंचेचं पाणी घट्ट का पातळ ते पळीच्या पाठीवर दिसतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट वाढताना शिकायची. आई म्हणायची, जेवणारा तोंडानं काय बोलतो ते ऐकायचं नाही, तो शिष्टाचार असतो. त्याचा हात दुसऱ्यांदा कुठल्या वाटीकडे जातो ते बघायचं. हात खोटं बोलत नाही. पुढच्या सोमवारी त्या वाटीसारखं करायचं.

हे मी गिरिजाला सांगितलं तेव्हा ती कुठून तरी पेन शोधायला लागली. मी म्हटलं, लिहायचं काही नाही यात, ऊठ आणि चिंच कोळ. ती उठली. कितीतरी दिवसांनी स्वतःहून उठली.

साहेबांसाठीचे तीन ग्लास तिनं ठरवले, कैरीचा, मोसंबीचा आणि चिंचेचा. रसाचं ठीक होतं, पण रसात घालायची ती जिन नावाची दारू कुठून आणायची? नांदेडला आमच्या नणंदेचे यजमान राहतात, बसवंतदाजी. एसटीतून निवृत्त झालेले. घरात घेणारे ते एकटेच, आणि त्यावरून सगळ्या लग्नकार्यांत त्यांच्यावर कुजबूज व्हायची. ते फोनवर आनंदानं म्हणाले, "मी आणतो की!" पण अप्पांनी नाही म्हटलं. अप्पा हाडाचे व्यापारी. "माल आपल्या पोरीच्या धंद्याचा हाय. खरेदी आपणच करायची. दुसऱ्याच्या हातानं माल घेतला का पारख जाती," ते म्हणाले. लातुरात त्यांना प्रत्येक माणूस ओळखतो, म्हणून ते सकाळची गाडी धरून नांदेडला गेले. नांदेडात कोण ओळखणार?

संध्याकाळी परत आले ते तोंड पाडून. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर झालं असं. दुकानाची पायरी चढले, पण कपाळावरची विभूती पुसायची राहिली. पुसायची असते हे डोक्यातच आलं नाही. घराबाहेर पडताना ती लावायची एवढंच ह्यांना माहीत. गल्ल्यावरचा माणूस उठून उभा राहिला, हात जोडून म्हणाला, "शरणार्थ, अप्पा! या या. तुमी लातूरचे न्हवं, भांड्याच्या दुकानाचे? आमी उदगीरचे. आमच्या बहिणीची रुखवताची भांडी तुमच्याकडचीच हायत." मग खुर्ची दिली, चहा मागवला. चहा होईस्तोवर बहिणीचं, भाच्यांचं, उदगीरच्या पावसाचं सगळं बोलणं झालं. शेवटी त्यानंच आवाज उतरवून विचारलं, "काय देऊ?" अप्पांनी खालमानेनं सांगितलं. त्यानं बाटली दोन-दोन वर्तमानपत्रांत गुंडाळली आणि हातात देताना म्हणाला, "फिकीर करू नका अप्पा. मी कुठं बोलणार न्हाई."

"मी त्याला बोलू नको म्हटलंच न्हाई," अप्पा मला सांगत होते. "तरी त्यानं आपल्या मनानंच कबूल केलं. जसं काय मी चोरी करून राहिलो. मला लई राग आला बघ."

"त्याच्यावर?"

"न्हाई," ते म्हणाले आणि पाय धुवायला निघून गेले.

बाटली गच्चीवर गेली. ती देवघरापाशी येणार नाही, स्वयंपाकघरात येणार नाही, एवढं अप्पांनी सांगितलं आणि ते आम्हालाही पटलं. गिरिजानं झाकण उघडून माझ्यापुढे धरली. "आई, मला वास येत नाही. तू सांग." मी मागे सरले. आयुष्यात कधी असल्या गोष्टीच्या जवळ गेले नव्हते. जिन्यातून खाली हाक मारली, "अहो, वास घेतला तर चालतंय का?" खालून उत्तर आलं, "वास तर रस्त्यानं जाताना बी येतो. त्याला कोण काय करतंय?"

मी हुंगलं. आधी दवाखान्यासारखं काहीतरी नाकात शिरलं. मग कुठल्या तरी झाडाच्या चिकासारखं. आणि त्याच्या मागून एक अगदी घरातला वास आला. मी म्हटलं, "गिरे, ह्यात धणे हायत." तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला मिठीच मारली. खरंच असतात म्हणे धणे. परदेशातले लोक बाटलीत काय काय घालतात त्याचं मला भय वाटत होतं. धणे निघाल्यावर बाटलीची आणि माझी जरा ओळख झाली.

तेव्हापासून उन्हं कलली की आम्ही वर. मी नाक, ती हात. मी सांगायची, ही कैरी अजून हिरवी वास मारते, हिला आणखी उकड. ही मोसंबी सालीला छान आहे पण आतून मंद आहे, हिला आल्याचं बोट लाव. ती पन्ह्याचा गर बोटांत धरून गुळाची तार बघायची. चिंचेच्या पाण्यात चिमूटभर सोडा टाकून फेस किती चढतो, किती वेळ फसफसतो, ते कान लावून ऐकायची. त्यावरून आंबटपणा धरायची. रस दोन वाट्या तर जिन एक, एवढा तिचा साधा हिशेब. बाकी सगळी कमाई मीठ, गूळ आणि बर्फाची. बर्फ ग्लासात फिरताना आधी खणखण वाजतो आणि पाणी सुटायला लागलं की आवाज बसतो. आवाज बसायच्या आत थांबायचं. हे शोधून काढलं तिनं. मला ठाऊक नव्हतं.

चाखायला दाजी. दर शनिवारी ते नांदेडहून यायचे, येताना हदगावच्या शेतातल्या झाडांची मोसंबी पिशवीभर आणायचे. देवाला कधी इतक्या नेमानं गेले नसतील. पण परीक्षक म्हणून दाजी अगदी कुचकामी. कैरीचा ग्लास दिला, "लई भारी." चिंचेचा दिला, "ह्याला तोड न्हाई वैनी." एकदा मुद्दाम नुसतं मिठाचं पाणी घातलेला दिला, तो संपवून म्हणाले, "हे बी नामी हाय." बिचाऱ्याला आमच्या घरात पहिल्यांदाच कोणी मानानं खुर्ची देऊन ग्लास पुढे करत होतं. त्याच्या तोंडून वाईट शब्द निघणार कसा? गिरिजा रडकुंडीला आली.

मी तिला म्हटलं, "त्यांचं बोलणं कामून ऐकतीस? वाढताना काय बघायचं सांगितलं तुला?"

पुढच्या शनिवारी तिनं तिन्ही ग्लास एकदम पुढे ठेवले, अर्धे अर्धे भरून, आणि गप्पा सुरू केल्या. एसटीच्या गप्पा. घाटात बंद पडलेली गाडी, विनातिकीट पुढारी, सगळं. दाजी रंगात आले. बोलता बोलता त्यांचा हात कैरीकडे गेला, मोसंबीकडे गेला, परत कैरीकडे गेला. चिंचेचा ग्लास तसाच राहिला. बर्फ वितळून त्याच्या अंगावरून पाणी ओघळलं तरी हात तिकडे फिरकला नाही. "सगळे एकापेक्षा एक!" दाजी उठताना म्हणाले. आम्ही मायलेकी एकमेकींकडे बघून हसलो. कधी नव्हे ते खरं उत्तर मिळालं होतं.

चिंचेनं आमचा वैशाख खाल्ला. लातूरची चिंच, हिची पेठ साऱ्या मुलखात नावाजलेली, म्हणून गिरिजाला तीच हवी होती. पण जिनमध्ये पडली की ती फुरंगटून बसायची. गूळ वाढवून बघितला, कमी करून बघितला. एकदा ती ग्लास गच्चीच्या कट्ट्यावर आपटून म्हणाली, "मला काहीच कळत नाही गं आई! नुसती अंदाजानं किती दिवस चालू?" मला रागही आला आणि गहिवरही. मी म्हटलं, "मी जन्मभर चालले की!" मग मी बाटलीचा वास पुन्हा घेतला, चिंचेचा घेतला, आणि खाली जाऊन मूठभर धणे भाजून आणले. ज्या वासाशी आपली ओळख आहे त्याचा हात धरावा, एवढाच माझा विचार. तिनं ते ठेचून चिंचेच्या पाण्यात घातले, गाळले. शनिवारी दाजींचा हात तिकडे गेला. परत गेला. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी दाजी पहिल्यांदाच काही बोलले नाहीत, नुसते ग्लासाकडे बघत बसले.

अप्पा या सगळ्यात कुठे होते? जिन्यात. गच्चीच्या आधीच्या पायरीवर बसायचे, वर कधी आले नाहीत. पण कान वर असायचे. एकदा त्यांनी बर्फासकट हलवताना भांडं गळल्याचं ऐकलं. रस आणि बर्फ हलवायचं गिरिजाचं दोन पेल्यांचं भांडं पडून चेपलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना ह्यांनी स्टीलचे पेले मांडले आणि एकाचं तोंड दुसऱ्यात बसवून, पाणी भरून, उलटे करून बघायला लागले. आजूबाजूचे दुकानदार येऊन विचारून गेले, अप्पा हे काय? संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर दोन पेले होते, एक लहान, एक जरा मोठा. एकमेकांत असे घट्ट बसलेले की सोडवताना बाजूनं चापट मारावी लागायची. गिरिजानं पाणी भरून हलवलं. थेंब पडला नाही. "माझ्या दुकानातलं भांडं गळत न्हाई," जिन्यातून आवाज आला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं तिन्ही ग्लास शेवटचे केले. त्यातल्या कैरीच्या वेळी जिन ओतणार एवढ्यात अप्पा म्हणाले, "थांब. मला आधीचं दे." नुसतं पन्हं तिनं पेल्यात घालून पायरीवर नेऊन दिलं. त्यांनी सावकाश पिऊन संपवलं. ती समोर उभी. "मीठ?" तिनं विचारलं. "बरोबर हाय," ते म्हणाले. मिशी पुसली आणि खाली गेले. ती तिथंच पायरीवर बसली, त्यांचा रिकामा पेला हातात घेऊन.

आता ती येते तेव्हा सगळं हुंगत फिरते. नाक परतलं, पण पाऊस सुरू झाल्यावर, साहेबांसमोरची तीन ग्लासांची परीक्षा होऊन गेल्यानंतर. पुण्याच्या बारमध्ये चिंचेसाठी धणे ठेचताना अचानक आलं, म्हणाली. तिथून फोन करून नुसती "धणे, आई, धणे!" एवढंच ओरडत होती. गेल्या दिवाळीत तिनं घरी मोसंबीचा रस केला तेव्हा मी मुद्दाम बघत होते. रस हुंगला, डोळे मिटले, मीठ चिमटीनं घातलं. जीभ लावली नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

परीक्षेचा दिवस मला स्वच्छ आठवतो. निकालांचे दिवस होते. मी दुपारचा डबा घेऊन दुकानात गेले होते. शेजारच्या कापडवाल्यांचा नातू मेडिकलला लागला होता आणि ते सगळ्या गंजात पेढे वाटत होते. आमच्याही हातावर ठेवले. "आमच्या पोरानं नाव काढलं अप्पा. तुमच्या पोरीचं काय चाललंय?" त्यांनी विचारलं. अप्पांनी पातेलं उचललं, तेवढ्यात फोन वाजला. ह्यांना कानाला लावून ऐकायला येत नाही, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर. दुकानात चार गिऱ्हाइकं, कापडवाले दारात, आणि गिरिजाचा आवाज सगळीकडे.

"अप्पा, तिन्ही झाले. साहेब आणि बाहेरून आलेले दोघं होते. मी मापं घेतली, तुमच्या पेल्यांत हलवलं, पुढे ठेवलं. एक जण म्हणाले, तू चाखून नाही बघितलंस? सगळे आधी चाखतात. मी म्हटलं, आमच्या घरी आधी चाखत नाहीत. आधी पुढं ठेवतात."

अप्पांचा हात पातेल्यावर तसाच राहिला.

"मग मी काही बोलले नाही, नुसते हात बघत बसले. अप्पा, तिघांचेही हात परत चिंचेकडे गेले. बार मला दिला."

फोन बंद झाला. कापडवाले पेढ्यांचा पुडा घेऊन उभेच. अप्पांनी पातेलं जागेवर ठेवलं, गल्ल्यामागून उठले, चपला घातल्या आणि तरातरा बाहेर पडले. मला वाटलं, गेले घरी. थोड्या वेळानं आले ते दोन्ही हातांत पेढ्यांचे पुडे घेऊन. एक फोडला आणि पहिल्या गिऱ्हाइकापासून सुरुवात केली.

"कशाचे अप्पा?" कापडवाल्यांनी विचारलं.

"पोरगी पास झाली."

"कशात?"

नांदेडच्या त्या दुकानातला माणूस मला आठवला, दोन-दोन वर्तमानपत्रांत गुंडाळलेली ती बाटली आठवली.

"दारूत," अप्पा मोठ्यानं म्हणाले. "दारूत फळाचा रस मिसळायचं काम हाय तिचं. बारची मुख्य झाली पुण्यात. आपल्या लातूरच्या चिंचेवर झाली. घ्या."

कापडवाल्यांनी पेढा हातात घेतला, ह्यांच्या कपाळावरच्या विभूतीकडे बघितलं, पेढ्याकडे बघितलं, आणि तोंडात टाकला. "मार्क किती?" त्यांनी सवयीनं विचारलं.

"तीनपैकी तीन," अप्पा म्हणाले आणि पुढच्या दुकानाकडे निघाले. साऱ्या गंजाला त्या दिवशी त्यांनी हेच सांगितलं, एकेका दुकानात थांबून. कोणी विचारलं नाही तिथंही सांगितलं.

दुसरा पुडा त्यांनी माझ्याकडे दिला होता. "हा फोडू नको. घरी ने, लिंगापुढं ठेव," म्हणाले. संध्याकाळी मी हातपाय धुऊन पुडा सोडला आणि पेढे ताटलीत मांडून नैवेद्य दाखवला. नेहमीसारखाच, न चाखता. ते गोड होते का, हे बघायची मला काही गरज वाटली नाही.